बटण उडालं तरी वाफ चालूच: भांडी धुण्याच्या मशीनचं पाणी का उकळतं

हॉटेलमधल्या भांडी धुण्याच्या मशीनचा बॉयलर जास्त तापतो, त्याचं सेफ्टीचं लाल बटण उडतं, कुणीतरी ते दाबतं, मशीन चालू होतं आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. हे दुखणं मी सोलापुरात वर्षभरात बऱ्याच ठिकाणी बघतो. बहुतेक जण पहिल्यांदा थर्मोस्टॅट बदलतात. खर्च होतो आणि दुखणं तसंच राहतं. म्हणून होटगी रोडवरच्या एका हॉटेलातलं काम इथे सविस्तर लिहितोय. ते मशीन मलाही पहिल्या भेटीत समजलं नव्हतं.

आधी मशीनचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वरून झाकण खाली ओढायचं, तसं हे मशीन. खाली एक टाकी असते. तिच्यात साबणाचं पाणी 55 ते 65 अंशांवर ठेवायचं आणि तेच पंपाने फिरवून भांड्यांवर मारायचं. त्या टाकीपासून वेगळा, साधारण आठ लिटरचा बॉयलर. धुऊन झालं की बॉयलरमधलं 82 ते 85 अंशांचं कोरं पाणी शेवटी भांड्यांवर पडतं. जंतू मरतात ते या शेवटच्या पाण्याने, म्हणून 82 च्या खाली जाऊन चालत नाही. पण 90 च्या वर जाऊनही चालत नाही. पाणी नोझलमधून बाहेर पडतानाच वाफ होऊन उडतं, भांड्यांपर्यंत कमी पोचतं, काचेचे ग्लास तडकतात. खालची साबणाची टाकी सत्तरच्या पुढे गेली तर डाळ नि अंडं ताटाला भाजल्यासारखं चिकटून बसतं, मग घासून काढावं लागतं. मशीन घेतलं कशासाठी, हा मालकांचा प्रश्न अगदी रास्त असतो.

बॉयलरमध्ये पाणी तापवणारं 9 किलोवॅटचं एलिमेंट होतं. एकाच फ्लॅन्जवर तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी 3 किलोवॅटची आणि प्रत्येक फेरीला एक फेज. तीनही फेऱ्यांची दुसरी टोकं एकत्र करून न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला, जोडलेली. हे न्यूट्रलचं लक्षात ठेवा, सगळं गणित तिथेच सुटलं.

मला बोलावलं तोपर्यंत त्या मशीनवर दोन थर्मोस्टॅट नि दोन एलिमेंट लागून झाले होते. मालक म्हणाले, "ऊनच एवढं आहे की मालक, गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तापून येतंय." (सोलापुरात आम्ही एकमेकांना मालकच म्हणतो, हॉटेलवालाही आणि मिस्त्रीही.) मे महिना होता, पारा 43 च्या आसपास, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी खरोखरच हाताला चटका देतं. पण कारण ते नव्हतं. पाणी 25 अंशांचं येवो की 45 चं, थर्मोस्टॅटचं काम 83 ला तोडायचं. गरम पाणी आलं तर तो एवढंच करेल की लवकर तोडेल. उन्हाने बॉयलर उकळत नाही.

पहिल्या दिवशी मी थर्मोस्टॅटच तपासला. त्याचा तापमान ओळखणारा बल्ब बॉयलरच्या खिशातून, म्हणजे तो बसतो त्या नळीतून, बाहेर काढला, पातेल्यात पाणी तापवून त्यात बुडवला, शेजारी थर्मामीटर धरला. 83 ला टक् करून तुटला, 78 ला पुन्हा जोडला. एकदम नीट. मग खिसा बघितला. बल्ब ज्या नळीत बसतो तिच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या बाजूने, रुपयाच्या नाण्याइतका जाड पांढरा थर होता. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. पाणी नव्वदला गेलं तरी बल्बला ते उशिरा कळतं. मला वाटलं, सापडलं. लिंबूसत्वाने बॉयलर साफ केला, बल्ब पुन्हा बसवला, पाणी 84 च्या वर जाईना. मी खुशीत घरी आलो. नवव्या दिवशी फोन आला.

खरा धागा दिला तो भांडी घासणाऱ्या मावशींनी. मी मशीन उघडून बसलो होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "दादा, गर्दीत कधीच बंद पडत नाही बघा हे. दुपारच्याला सगळं आवरलं की मग उडतंय. आणि बटण उडालं तरी वाफ थांबत नाही." दुसरं वाक्य ऐकलं आणि मी हातातला पाना खाली ठेवला. आधीच्या दोन मिस्त्रींनी त्यांना काही विचारलंच नव्हतं. पहिल्या भेटीत मीही विचारलं नव्हतं.

बटण उडालं म्हणजे सेफ्टीने वीज तोडली. मग वाफ कशाने येतेय? एकच अर्थ निघतो. सेफ्टी ज्या तारेवर बसलीय ती तुटली, पण एलिमेंटला वीज अजून पोचतेय. बऱ्याच मशीनमध्ये सेफ्टी थर्मोस्टॅट मोठ्या करंटच्या वाटेवर नसतो. तो फक्त कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे एलिमेंटची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉईलची बारीक तार तोडतो. कॉईल सुटली की कॉन्टॅक्टर उघडेल आणि एलिमेंट बंद होईल, असा त्यामागचा हिशोब. कॉन्टॅक्टरचे पॉइंटच एकमेकांना चिकटून बसले असतील तर मात्र थर्मोस्टॅटही बिनकामाचा आणि सेफ्टीही बिनकामाची. दोघंही आपापलं काम चोख करतात आणि पाणी उकळतच राहतं.

दुपारी साडेतीनला पुन्हा गेलो. किचन शांत, मशीन चालू, झाकण खाली. झाकणाच्या कडेतून वाफेची बारीक रेघ निघत होती. झाकण उचललं तर वरच्या फवाऱ्याच्या दांडीतून गरम पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. या मशीनमध्ये पाण्याचा व्हॉल्व्ह बॉयलरच्या आधी असतो आणि पुढची वाट फवाऱ्यापर्यंत उघडी असते. त्यामुळे आत उकळलं की ते तिथून बाहेर येतं. मशीन नुसतं उभं असताना फवारा ठिबकत नि वाफाळत असेल तर बॉयलर उकळतोय असं समजा. नोझलला अजिबात हात लावू नका.

पॅनल उघडलं. कॉन्टॅक्टर वर उठलेला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला बंद. टाँग टेस्टर, म्हणजे तार न कापता करंट मोजणारा चिमटा, एकेका तारेवर लावला. आर फेज शून्य. वाय फेज शून्य. बी फेज 13 अँपिअर. 3 किलोवॅटच्या फेरीला 230 व्होल्टवर बरोबर 13 च अँपिअर लागतात. बंद कॉन्टॅक्टरमधून एक अख्खी फेरी चालू होती. न्यूट्रल जोडलेला असल्यामुळे एकट्या फेजलाही परतीची वाट मिळत होती. न्यूट्रल नसलेला स्टार असता, म्हणजे तिन्ही टोकं नुसती एकमेकांना जोडलेली असती, तर एक पॉइंट चिकटून काही घडलं नसतं, दोन चिकटावे लागले असते.

मेन पाडला, टेस्टरने वीज मेल्याची खात्री केली, कॉन्टॅक्टर काढून उघडला. तिसऱ्या पॉइंटवर चांदीचा मण्यासारखा फुगवटा आला होता आणि वरचा पॉइंट त्याला धरून बसला होता. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक केल्यावर सुटला. दुखणं रोज न होता आठवड्यातून एकदा का होत होतं, ते इथे कळलं. गार झाल्यावर किंवा कुणी पॅनलचं दार आपटल्यावर पॉइंट आपोआप सुटायचा. मिस्त्री येईपर्यंत मशीन ठणठणीत.

आता गर्दीत का उडत नव्हतं ते बघा. भांड्यांच्या एका खेपेत शेवटच्या धुण्याला साधारण तीन लिटर पाणी जातं. तितकंच गार पाणी बॉयलरमध्ये येतं. तीन लिटर पाणी 30 वरून 82 ला न्यायला 9 किलोवॅटला सव्वा मिनिट लागतं. गर्दीत दर दीड मिनिटाला एक खेप चालते, म्हणजे एलिमेंट तसंही जवळजवळ सतत चालू. त्यात एक फेज चिकटलेली असली तरी कळणार कशी? पाणी काढणं थांबलं की एलिमेंटची तीच एक फेरी आठ लिटरला 82 वरून शंभरपर्यंत तीन-साडेतीन मिनिटांत नेते. मालकांनी नंतर आठवून सांगितलं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी पंधरा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत मशीनला उसंत नव्हती आणि त्या पंधरा दिवसांत बटण एकदाही उडालं नाही. त्यांना वाटलं, नवीन थर्मोस्टॅटचा गुण आला. यात्रा संपली, दुपारची सामसूम परत आली आणि दुखणंही परत आलं.

एलिमेंट दोनदा जळण्याचं कोडंही सुटलं. जुनं एलिमेंट मागच्या बोळात भंगारात पडलेलं होतं. मी ते उचलून ओहम मोजले. दोन फेऱ्या 17 ते 18 ओहम, म्हणजे निरोगी. तिसरी फेरी उघडी, नळी एका जागी फुटून काळी पडलेली, आणि तिच्या टोकाला बी फेजच्या तारेचा निळा कपडा अजून चिकटलेला. 3 किलोवॅटची फेरी उकळतं पाणी तासाला जवळपास पावणेपाच लिटर वाफ करून उडवते. साडेतीन ते सात किचन बंद. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे नवीन पाणी येत नाही. दीड-पावणेदोन तासांत बॉयलर कोरडा आणि एलिमेंट कोरड्यात लाल. "कंपनीचा माल हलका आहे" असं जे दोन वेळा बोललं गेलं, त्यात त्या मालाचा काही दोष नव्हता.

इथे कॉन्टॅक्टर बदलून पैसे घेऊन निघता आलं असतं. पण कॉन्टॅक्टर कारणाशिवाय चिकटत नाही. बदललेलाही चार महिन्यांत चिकटला असता. म्हणून मशीन पाच खेपा चालवून पॅनलपाशी कान लावून बसलो. धुण्याचा पंप सुरू झाला की आतून आवाज यायचा, टक-टक-टक-टक, सुतार पक्ष्याने फांदीवर चोच मारावी तसा. कॉन्टॅक्टर सेकंदात चार वेळा लागत-सुटत होता. दर वेळी 13 अँपिअरची ठिणगी. असे हजारो झटके खाल्ले की पॉइंट वितळून चिकटणारच.

तो थरथरत होता लेव्हलच्या प्रेशर स्विचमुळे. या मशीनमध्ये खालच्या टाकीत पुरेसं पाणी आहे असं त्या स्विचने सांगितल्याशिवाय बॉयलरच्या कॉन्टॅक्टरची कॉईल लागत नाही. टाकीच्या तळाशी पालथ्या पेल्यासारखा एक एअर ट्रॅप असतो. पाणी चढलं की त्यातली हवा दाबली जाते आणि बारीक नळीतून तो दाब स्विचपर्यंत जातो. ट्रॅपचं तोंड क्षार नि तुपकट गाळाने निम्म्याहून जास्त बुजलेलं होतं. नखाने खरवडलं तर साबणासारखा पिवळट गोळा निघाला. त्याच्याहून वाईट म्हणजे नळी मधेच झोळीसारखी लोंबत होती आणि त्या झोळीत वाफेचं पाणी साचलेलं होतं. पंप फिरला की टाकीत लाटा, लाटांबरोबर नळीतलं पाणी मागे-पुढे, आणि स्विच हो-नाही, हो-नाही करत बसलेला. नळी नेहमी ट्रॅपपासून स्विचपर्यंत चढती हवी, मधे कुठेही झोळ नको. एवढंच पथ्य होतं, ते मोडलं होतं.

आणि हा गाळ आला कुठून? पाण्यातून. महापालिकेचं उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही. मधल्या दिवसांत संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी पडतं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. तापलं, विशेषतः साठच्या वर गेलं, की त्यातला विरघळलेला चुना सुटतो आणि एलिमेंटवर, बल्बवर, ट्रॅपवर बसतो. घरच्या गिझरच्या कॉईलवर जे कवच दिसतं तेच हे. हॉटेलात सॉफ्टनर बसवलेला होता, दिसायला नवाकोरा. मिठाच्या टाकीचं झाकण उघडलं तर तळाशी झुरळं. मीठ किती दिवसांत घातलं नव्हतं ते कुणालाच आठवेना. मिठाशिवाय सॉफ्टनर म्हणजे पाणी जिथून जातं तो एक डबा, बाकी काही नाही.

सॉफ्टनर चालतोय का हे बघायला कामगार टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचं मीटर बुडवत होते आणि आकडा बदलत नाही म्हणून तो बिघडलाय असं समजत होते. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. जडपणा मोजायचं थेंबांचं किट वेगळं मिळतं, ते घ्या. तेही नसेल तर अर्ध्या बाटलीत ते पाणी आणि कपड्याच्या साबणाचा चुरा घालून हलवा. मऊ पाण्याला भरपूर फेस येतो, जड पाणी दह्यासारखं फुटतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारं हे पाणी बॉयलरला चालत नाही, हे मालक लोकांना पटवणं मला सगळ्यात जड जातं.

मग केलेलं काम असं. एअर ट्रॅप काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवला, नळी नवीन टाकली आणि क्लिपा मारून चढती नेली. नवा कॉन्टॅक्टर घेताना त्यावरचा एसी-1 चा आकडा बघितला, कारण हीटरच्या भाराला तोच लागू होतो. मोटरसाठीचा एसी-3 चा आकडा वेगळा असतो आणि दुकानदार बऱ्याचदा तोच सांगतो. 13 अँपिअरला मी 32 चा घेतला. आणखी एक काम केलं, जे माझ्या मते अशा प्रत्येक मशीनमध्ये असायला हवं: सेफ्टीसाठी दुसरा कॉन्टॅक्टर, पहिल्याच्या आधी, त्याच वाटेवर. सेफ्टी थर्मोस्टॅट आता या दुसऱ्याची कॉईल तोडतो. पहिला चिकटला तरी दुसरा उघडतो आणि एलिमेंट खरोखर बंद होतं. मशीन वॉरंटीत असेल तर हे कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

क्षार काढायचं प्रमाण विचारतात म्हणून लिहितो. लिटरला 50 ग्रॅम लिंबूसत्व, पाणी कोमट ते साधारण 50 अंश, तासभर मुरू द्यायचं, फेस यायचा थांबला की दोन-तीनदा कोऱ्या पाण्याने धुवायचं. एलिमेंटची वीज बंद ठेवूनच. त्याच दिवशी ब्लीचिंग किंवा क्लोरीनचं काही त्या मशीनमध्ये घालू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद किचनमध्ये तो जिवावर बेततो.

तुमच्याकडे लक्षणं वेगळी असतील तर थोडक्यात. गर्दीतच पाणी फार तापत असेल, दुपारी नाही, तर कॉन्टॅक्टरच्या मागे लागू नका. फवाऱ्याचा दाब बघा. फिल्टरची जाळी तुंबली किंवा प्रेशर पंप बंद पडला तर बॉयलरमधून पाणीच कमी हलतं आणि तापतं. बटण उडाल्यावर वाफ लगेच थांबत असेल तर कॉन्टॅक्टर ठीक आहे. थर्मोस्टॅटचा बल्ब खिशातून सरकलाय का बघा, मशीन ढकलून साफसफाई केल्यावर हे हमखास होतं. डिजिटल मशीन असेल तर बल्बच्या जागी सेन्सर असतो. पॅनलवर दिसणारं तापमान आणि फवाऱ्याखाली थर्मामीटरने मोजलेलं तापमान यांत दहा अंशांचा फरक असेल तर सेन्सर नाहीतर त्यावरचा थर. आणि पॅनल उघडून चालू विजेवर मोजमाप हे वायरमनचंच काम. किचनच्या ओल्या फरशीवर उभं राहून कुणीही ते धाडस करू नये.

काम झाल्यावर मी मुद्दाम तिसऱ्यांदा दुपारी गेलो. झाकण खाली, मशीन चालू, टाँग टेस्टर तिन्ही तारांवर: शून्य, शून्य, शून्य. तासभर बसलो. तापमान 83 वरून हळूहळू 78 ला उतरलं, मग एकदाच स्वच्छ टक् झालं आणि तिन्ही फेज एकदम लागल्या. मावशींनी विचारलं, "आता बटण दाबायचं नाही ना दादा?" मी सांगितलं, उडालं तर दाबू नका. भिंतीवरचा मेन पाडा, किती वाजले ते आणि वाफ येत होती का ते लिहून ठेवा, मग मला फोन करा. सॉफ्टनरच्या झाकणावर आता खडूने तारीख असते. दर सोमवारी मीठ बघायचं काम मावशींनी स्वतःहून घेतलंय, आणि त्यासाठी महिन्याला वेगळे पैसे द्यायला मालकांना मी राजी केलं.